कोहळ्याचा रस

आमच्या घरात अख्खा कोहळा मी चिरत नाही. पहिला वार पुरुषाने करायचा, मग बाईने सुरी हातात घ्यायची, असं आईने गुहागरला शिकवलं आणि ते मी थेट नंदाखालपर्यंत घेऊन आले. आमचे हे, म्हणजे सदानंद, असल्या समजुतींना हसतात, पण वार तेवढा करतात. सकाळी सहाला एक घाव, दोन तुकडे, आणि वर म्हणणार, "घे मनोरमा, दिला तुझा बळी." मग ते विहिरीवर अंघोळीला जातात. मी किसते, फडक्यात पिळते, लिंबू घालते. आणि ते परत यायच्या आत खालच्या खणातल्या कॉफीच्या डब्यातून एक छोटी पांढरी गोळी काढते, चमच्याच्या पाठीने बशीत कुटते आणि ह्यांच्या ग्लासात ढवळते. ढवळत होते, असं म्हणायला हवं आता.

अकरा वर्षं ढवळली. एक दिवस चुकवला नाही. म्हणजे चुकवले, ते पुढे सांगते.

तुम्ही म्हणाल, काय बाई आहे, नवऱ्याला चोरून औषध पाजते. पाजलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. माझे वडील बावन्नाव्या वर्षी ओटीवर बसल्या बसल्या कलंडले ते पुढे चार वर्षं खाटेवर होते. अर्धं अंग गेलेलं. आई पेज भरवायची आणि अर्धी पेज हनुवटीवरून खाली यायची. मी शाळेत होते तेव्हा. डॉक्टर म्हणाले, बीपी होतं, कोणी तपासलंच नाही. तेव्हापासून बीपी म्हटलं की माझे हातपाय गार पडतात. आणि देवाने नवरा कोणता द्यावा, तर गोळ्यांशी उभा दावा मांडणारा.

लग्नात तसे नव्हते हो. मुंबईच्या एका कचेरीत साधे कारकून होते, पोटदुखीने हैराण. चाळिशीत कोणीतरी निसर्गोपचाराच्या आश्रमात पाठवलं. तिथे महिनाभर उपवास, मातीच्या पट्ट्या, कटिस्नान करून आले, आणि दुखणं गेलं ते गेलंच. माणूस त्या दिवसापासून दुसराच झाला. पदविका घेतली, मुदतीआधी निवृत्ती घेतली, तुळिंजचा फ्लॅट विकला आणि नंदाखालला हे चार खोल्यांचं घर घेतलं, मागे आठ माड आणि एक विहीर. पुढच्या पडवीत केंद्र. लोक डॉक्टर म्हणतात. हे दर वेळी सांगतात, "मी डॉक्टर नाही." दर वेळी लोक म्हणतात, "बरं, डॉक्टर."

पडवीत फलक आहे. सहा तत्त्वं. शरीर स्वतःच स्वतःला बरं करतं. अपाय करू नका. कारण शोधा. माणूस अख्खा बघा. वैद्य म्हणजे शिक्षक. सहावं, आजार येण्याआधी अडवा, ते पेंटरला जागाच उरली नाही म्हणून खाली बारीक अक्षरात आलंय. मी ह्यांना चिडवायची, की जे खरं कामाचं तेच तुम्ही कोपऱ्यात घातलंत.

एक मात्र सांगते. माझा नवरा भोंदू नाही. पैशाला कधी हपापला नाही, कोणाला खोटी आशा लावली नाही. छातीत दुखतंय म्हणून कोणी आला तर मातीची पट्टी न लावता रिक्षात घालून हॉस्पिटलात नेणारा माणूस. जे सांगायचे ते स्वतः करायचे. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांचं स्वतःचं बीपी निघालं. एकशे ऐंशी. विरारच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ह्यांनी चिठ्ठीची घडी करून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तीन महिने दे मला." मीठ बंद, रोज चार मैल चालणं, कोहळ्याचा रस, प्राणायाम. तीन महिने मी दिले. आकडा एकशे ऐंशीवरून एकशे बहात्तरवर आला. हे खूश. मी रात्री कूस बदलत पडायची आणि ह्यांचा उजवा हात हलतोय ना ते बघायची. चौथ्या महिन्यात ती घडी घातलेली चिठ्ठी घेऊन मी आगाशीच्या केमिस्टकडे गेले. "कोणासाठी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, माझ्यासाठी.

दहा दिवसांत एकशे तीस.

त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. पोरगं वर्गात पहिलं आल्यासारखे दिसत होते. "बघितलंस? वेळ लागतो, पण शरीर ऐकतं." मी म्हटलं, हो बाई, ऐकलं एकदाचं. तेव्हा मला थोडी मजाही वाटली होती, खोटं कशाला बोलू. साप मेला, काठीही मोडली नाही.

मग ह्यांनी आलेख काढला. मोठ्या कागदावर, दर आठवड्याचा आकडा, लाल शाईने. एक कागद संपला की दुसरा चिकटवायचा. फलकाच्या शेजारी भिंतभर तो आलेख पसरत गेला. वर लिहिलेलं, 'एकही गोळी न घेता.' रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की आसपासचे दहा-पंधरा जण वर्गाला यायचे, त्यांना हे त्याच्यापुढे उभं करून शिकवायचे. त्या सरळ रेघेत तीन ठिकाणी टोकं वर गेलेली होती. पहिलं स्वप्नाच्या, म्हणजे आमच्या मुलीच्या, बाळंतपणाला मी पुण्याला गेले तेव्हाचं. दुसरं आई गेली तेव्हाचं. तिसरं माझ्या मोतीबिंदूचं. हे टोकावर बोट ठेवून म्हणायचे, "इथे काय झालं सांगा? बायको घरात नव्हती. मन शांत नसलं की दाब वाढतो. म्हणून म्हणतो, माणूस अख्खा बघा." सगळे हसायचे. बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. मीही हसायची. ट्रेमधले ग्लास एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ट्रे पोटाशी धरायची.

आता ॲन्सेल्म.

आमच्या कुंपणापलीकडे त्याची वाडी. केळी, पानवेली, थोडी फुलं. अठ्ठावन्नचा असेल, अंगाने दांडगा, बोलला की पलीकडच्या आळीत ऐकू जावं. आम्ही नवे आलो तेव्हा विहिरीचा पंप त्यानेच बसवून दिला. पट्ट्यांसाठी चिकणमाती तोच आणून टाकायचा, वर केळफूल नाहीतर केळ्यांचा लोंगर. "वहिनी, पिकलं की खा, डॉक्टरला देऊ नका, तो रसच पिऊ दे." त्याची बायको सेलिन माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, हसरी, कामाला वाघीण. आम्हा दोघींचं कुंपणावरूनच जास्त बोलणं व्हायचं. ॲन्सेल्मला सहा वर्षांपासून बीपीची गोळी होती.

यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे त्यांचा ईस्टरआधीचा उपवास सुरू होतो त्या दिवशी, तो कपाळावर राख घेऊनच केंद्रात आला. "डॉक्टर, चाळीस दिवस मटण-मासळी नाहीच. मग म्हटलं गोळीपण सोडतो. तुमच्यासारखं." आणि आलेखापुढे जाऊन उभा राहिला.

हे म्हणाले, "मी कोणाला गोळी सोडायला सांगत नाही, ॲन्सेल्म. आधी तुझ्या डॉक्टरांना विचार."

दुसऱ्या दिवशी येऊन सांगतो, "विचारलं. हो म्हणाले." कुठला विचारतोय. नंतर कळलं, दवाखान्याची पायरीसुद्धा चढला नव्हता. ह्यांना खोटं ओळखता येत नाही. घरात अकरा वर्षं ओळखता आलं नाही, तर बाहेर काय येणार.

रोज सकाळी तो रसाला यायचा. हे यंत्राने बीपी बघायचे आणि वहीत लिहायचे. चौथ्या दिवशी मी ट्रे घेऊन पडवीत येत होते आणि आकडा कानावर पडला. एकशे शहात्तर, खाली एकशे चार. ॲन्सेल्म हसत होता, चेहरा लालबुंद, मानेची शीर फुगलेली. माझ्या डोळ्यांपुढे ओटी आली, खाट आली. हे काही न बोलता वहीत लिहीत बसले होते. मला वाटलं, पथ्य लिहितायत.

दुपारी मी कुंपणापाशी गेले आणि सेलिनला सहज विचारल्यासारखं विचारलं, "गं, तुझ्या नवऱ्याची गोळी कुठली होती?" तिने पाकीटच आणून दाखवलं. कंपनी वेगळी, नाव तेच. मला त्यात देवाचा इशारा दिसला. बुद्धी फिरली की माणसाला कुठेही इशारे दिसतात. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ओट्यावर एका बशीच्या दोन झाल्या.

आठवडाभरात ॲन्सेल्म एकशे चौतीसवर आला. हे इतके आनंदले की त्या दिवशी चौथीचा मुलगा शोभावा अशा सुवाच्य अक्षरात त्याचाही आलेख काढला, आपल्या शेजारी लावला. मी मनात म्हटलं, मनोरमाबाई, आता अख्ख्या नंदाखालला कुटून घाला. हसू आलं. खरंच आलं.

पण तो पुढे काय करणार, ह्याचा मी विचारच केला नव्हता. मला वाटलं, येईल रोज, पिईल रोज. आमच्या ह्यांच्यासारखं.

ईस्टरनंतरच्या रविवारी वर्ग गच्च भरला होता. हे उभे राहिले, पाचव्या तत्त्वाखाली काठी टेकवली आणि म्हणाले, "वैद्य म्हणजे शिक्षक. आणि शिक्षकाचं काम विद्यार्थ्याला आयुष्यभर वर्गात बसवायचं नसतं. ॲन्सेल्म आज पास झाला. उद्यापासून त्याने केंद्रात यायचं नाही. रस घरी करायचा, आपला वैद्य आपणच व्हायचं." आणि त्याच्या हातात एक मोठा कोहळा दिला. टाळ्या पडल्या. ॲन्सेल्म कोहळा डोक्यावर धरून नाचला. सेलिन मला म्हणाली, "वहिनी, ते पहिला वार पुरुषाने करायचा वगैरे आमच्यात काही नाही हां. मीच चिरणार, मीच पिळणार." मी ट्रे घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी विड्याची पानं मागायच्या निमित्ताने तिच्याकडे गेले. म्हटलं, "सेलिन, गोळी एकदम बंद नको ठेवूस. अर्धी तरी दे."

"कशाला?" ती कोहळा किसत होती, मन लावून, पातेल्यावर वाकून. "सात आठवडे मशीनवर बघितलं की. आणि डॉक्टरांचं काय? अकरा वर्षं."

"प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते गं."

"वहिनी, तुमचाच विश्वास नाही काय?" ती हसली.

तिथे सांगायचं होतं. एक वाक्य. पण मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ह्यांना सत्तर पुरी होत होती. शिष्यांनी कार्यक्रम ठेवला होता, मंडप सांगितला होता, अकरा वर्षांचा आलेख लांबच्या लांब फ्लेक्सवर छापायला दिला होता. आज सेलिनला सांगितलं की उद्या ॲन्सेल्मला, परवा ह्यांना. त्या फ्लेक्सचं काय करतील हे? माझ्याकडे कसे बघतील? मी हिशोब केला, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. सहा वर्षं गोळी खाल्लेला धट्टाकट्टा माणूस, तीन आठवड्यांत काय होतंय त्याला. सत्तरी होऊन जाऊ दे, मग सगळ्यांना सांगून टाकू. पानं पदरात बांधून मी घरी आले.

सत्तरीच्या नऊ दिवस आधी ॲन्सेल्म केळीत पडला. पाणी एका पाटातून दुसऱ्या पाटात वळवत होता, फावडं हातात होतं. सेलिनने हाक मारली ती मी आमच्या ओट्यावर ऐकली. आम्ही पोचलो तेव्हा तो चिखलात कुशीवर पडला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते तोंड मी ओळखलं. दुसऱ्या कोणाला कळायच्या आत मला कळलं होतं.

बारा दिवसांनी हॉस्पिटलातून घरी आणला. उजवं अंग गेलेलं. वाचा गेलेली. ज्याचा आवाज पलीकडच्या आळीत जायचा तो आता फक्त 'आ' करतो. सत्तरीचा कार्यक्रम रद्द झाला. फ्लेक्स आला तो गुंडाळीतच माळ्यावर गेला.

हे केंद्रात फिरकेनात. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. मला वाटलं, खचले. पण खचले नव्हते, शोधत होते. तिसरं तत्त्व ना, कारण शोधा. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास स्वैपाकघरात आले, हातात दोन वह्या, एक स्वतःची, एक ॲन्सेल्मची. ओट्यावर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या.

"बस जरा. मला मदत कर. मी जे खाल्लं तेच त्याने खाल्लं. मी जेवढं चाललो तेवढा तो चालला. मीठ नाही, मासळी नाही. रस तोच. घरी गेल्यावरही सेलिनने सगळं काटेकोर केलंय, मी विचारून आलो. मग मी उभा आहे आणि तो पडला. फरक काय?"

मी काकडी चिरत होते. चिरत राहिले.

"काहीतरी माझ्या नजरेतून सुटलंय," हे पानं उलटत म्हणाले. "चौथ्या दिवशी मी ठरवलं होतं. आकडा बघून घाबरलो होतो मी." आणि वहीतून एक कागद काढला. चार घड्या घातलेला. मला वाचायला दिला. त्यांच्या सुवाच्य अक्षरात ॲन्सेल्मच्या डॉक्टरांना लिहिलेलं होतं. रुग्णाने गोळी बंद केली आहे, दाब वाढत आहे, माझ्या मते गोळी ताबडतोब पुन्हा सुरू करावी. खाली सही. तारीख राखेच्या बुधवारानंतरच्या रविवारची.

"पुढचे दोन दिवस बघून देणार होतो त्याला. म्हणणार होतो, तुझ्या शरीराला हे मानवत नाही, जा परत. अपाय करू नका, हे आधी येतं, बाकीची तत्त्वं नंतर. पण दुसऱ्या दिवसापासून आकडा उतरायला लागला. मग दिलीच नाही मी ती."

त्या दिवशी ते पथ्य लिहीत नव्हते तर. चिठ्ठी लिहीत होते.

मी सुरी खाली ठेवली. मी खाली वाकले, खण ओढला, कॉफीचा डबा काढला आणि त्या दोन वह्यांच्या मधे ठेवला.

"फरक हा," मी म्हटलं.

त्यांनी डबा उघडला. पाकीट उलटंपालटं करून नाव वाचलं. बराच वेळ त्यांना कळलंच नाही. मग कळत गेलेलं मी बघितलं, आणि ते बघण्यापेक्षा मी तिथेच मेले असते तर बरं.

"कधीपासून?"

"चौथ्या महिन्यापासून."

"स्वप्नाकडे गेलीस तेव्हा?"

"मी घरात नव्हते, मग कुटणार कोण?"

"तुझी आई गेली तेव्हा?"

"तेव्हाही तेच."

"आणि ॲन्सेल्मला?"

"पाचव्या दिवसापासून. ईस्टरपर्यंत."

ते उठून पडवीत गेले. मी मागून गेले. आलेखापुढे उभे राहून त्यांनी एकेका टोकावर बोट ठेवलं, अगदी वर्गात ठेवायचे तसं. मला वाटलं, फाडतील. फाडला नाही. खडू घेऊन, तो कागदावर नीट उमटेना तरी, 'एकही गोळी न घेता' ह्याच्यावर रेघ ओढली.

"तू मला वाचवलंस," हे भिंतीकडे बघूनच म्हणाले. "आणि मी त्याला वाचवणार होतो, ते होऊ दिलं नाहीस."

"मला भीती वाटत होती हो."

"मला सांगायचं होतंस. भांडायचं होतंस. उपाशी राहायचं होतंस. मी काय दगड होतो?"

नव्हते ते दगड. भांडले असते तर चौथ्या महिन्यात नाही, सहाव्यात तरी ऐकलं असतं त्यांनी. पण भांडण्यापेक्षा कुटणं सोपं होतं. भांडायला नवऱ्यावर विश्वास लागतो. तो माझाच कमी पडला, आणि नाव मात्र मी प्रेमाचं दिलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी ओट्यावर कोहळा काढून ठेवला. हे त्या दिवशी अंघोळ आधीच उरकून आले, कोहळ्याकडे बघितलं, पण सुरी घेतली नाही. तांब्याभर पाणी स्वतः ओतून घेतलं, डब्यातली एक गोळी काढून माझ्यासमोर गिळली. माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. मग म्हणाले, "चल. सेलिनला सांगायचंय."

"तुम्ही सांगा."

"मी माझं सांगेन. तुझं तू सांग."

ॲन्सेल्म पुढच्याच खोलीत असतो आता, येशूच्या तसबिरीखाली खाट टाकलीये. सेलिन त्याला उशीला टेकवून बसवत होती. आम्हाला बघून तो 'आ' म्हणाला. डावा हात थोडा उचलला. मला वाटतं, वहिनी म्हणाला. हे त्याच्या पायाशी बसले आणि पाय चोळायला लागले. हे रोजच यायचे त्यासाठी, आल्या आल्या बोलायचे काही नाही.

मी उभ्यानेच सांगितलं. डबा, बशी, दोन बशा, ती चिठ्ठी, पानं मागायला आले तो दिवस, सत्तरी. काही लपवलं नाही. सेलिन ऐकत होती आणि फडक्याने त्याची हनुवटी पुसत होती. मला वाटलं, आता ओरडेल. घराबाहेर काढेल. काढलं असतं तर मी पायऱ्यांवर बसून राहिले असते.

"म्हणजे ईस्टरपर्यंत यांना गोळी चालूच होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी किसत बसले नुसतं पानी." तिच्या तोंडून पानीच आलं. आमच्याशी ती कधी तसं बोलत नाही.

मी मान खाली घातली.

"वहिनी, मला सांगायचं होतं." तिचा आवाज चढला नव्हता. "यांना नाय. डॉक्टरांना पण नाय. फक्त मला. मी पण घातली असती."

ह्यांचे हात ॲन्सेल्मच्या पोटरीवर थांबले. मी अकरा वर्षं किती कारणं मनाशी जुळवून ठेवली होती, देवाला सांगायला, ह्यांना सांगायला. ह्या एका वाक्यापुढे त्यातलं एकही चालेना. हे मला सुचलं कसं नाही? ओट्याच्या ह्या बाजूला मी होते आणि कुंपणाच्या त्या बाजूला अगदी माझ्यासारखीच एक बाई उभी होती.

सेलिनने भिंतीवरचं घड्याळ बघितलं. उठून कपाटातून पाकीट आणलं, एक गोळी बशीत टाकली, चमचा ठेवला आणि बशी माझ्यापुढे धरली.

"यांना गिळता येत नाय. कुटून द्यायला सांगितलीये. तुमचा हात बसलेला आहे."

टोमणा होता का? मला अजून कळलेलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, नुसता दमलेला चेहरा.

मी बशी घेतली. खाटेच्या कडेला बसले आणि चमच्याच्या पाठीने गोळी दाबली. हे बघत होते. अकरा वर्षांत पहिल्यांदा मी ती कोणाच्यातरी समोर कुटत होते, आणि थोडी भुकटी बशीबाहेर सांडली. सेलिनने बोटाने ती गोळा करून परत बशीत टाकली. मग तिने पाणी घातलं, मी ढवळलं, आणि ॲन्सेल्मने तोंड उघडलं.